वाट, वहिवाट आणि गेट

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण परक्यांशी नाही, आपल्याच सायकलवाल्यांशी आहे. तेव्हा नातेवाईकांनी चहा घेऊन निवांत वाचावं, आणि ज्यांना मी रविवारी पहाटे साडेपाचला डांगे चौकात भेटते त्यांनी जरा धीराने घ्यावं :)

विषय ग्रॅव्हल बाईकचा. घरातल्या ज्येष्ठांसाठी आधी खुलासा करते. ही बाईक म्हणजे फटफटी नव्हे, सायकलच. शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर रुंद, चाळीस मिलिमीटरच्या आसपास, आणि डांबर सोडून मुरूम, खडी, माती असल्या रस्त्यावर चालवायची. अमेरिकेत कॅन्सस राज्यात २००६ साली अशा कच्च्या रस्त्यांवर दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली, तिथून हे वेड पसरत गेलं. २०२२ पासून तर त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होते. गंमत म्हणजे तिकडे ज्याला 'ग्रॅव्हल' म्हणून लाख-दोन लाखांची सायकल विकतात, त्याला आपल्याकडे बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात 'खडीकरण व मुरमीकरण' म्हणतात. असो.

आम्हा ताथवडेकरांना या खेळासाठी जागा शोधायला फार लांब जावं लागत नाही. हायवे एकदा ओलांडला (भुयारी मार्गात गाड्या अडकल्या नसतील तर, आणि त्या अडकलेल्याच असतात), की मारुंजी, नेरे, मग कासारसाईचं धरण. तिथून चांदखेडवरून पवन मावळात उतरलं की पवना धरणाचं पाणी, एका अंगाला तिकोना, समोर तुंग, पलीकडे लोहगड-विसापूर. पावसाळा सरताना, म्हणजे भात पिवळं पडायला लागतं तेव्हा, त्या पाण्याच्या काठाकाठाने जाणाऱ्या कच्च्या वाटेवर सकाळी सातला फक्त टायरखाली खडी चुरचुरल्याचा आवाज येतो. हे सुख मी नाकारत नाही. मी त्याच सुखासाठी कर्ज काढून सायकल घेतली आहे आणि आमच्या आईने अजून मला त्याबद्दल माफ केलेलं नाही.

तर भांडण कशावरून? भांडण गेटवरून.

गेल्या काही वर्षांत या वाटांवर गेटं उगवायला लागलीत. आज मोकळी असलेली वाट पुढच्या महिन्यात गेलं की बंद. दोन सिमेंटचे खांब, लोखंडी फाटक, 'खाजगी मालमत्ता' असा बोर्ड, आणि खुर्ची टाकून बसलेला वॉचमन, जो बिचारा स्वतः कुठल्यातरी दुसऱ्याच जिल्ह्यातून पोटासाठी आलेला असतो. आत फार्महाऊसचे प्लॉट. कुठे तंबूंचं कॅम्पिंग, कुठे नुसतीच तारेची कुंपणं आणि आंब्याची चार रोपं. अशा गेटापाशी आपला सायकलवाला काय करतो? थांबतो, पाणी पितो, मोबाईल काढतो, 'रूट बंद आहे रे' म्हणतो, आणि वळतो. घरी आल्यावर नवा रूट आखतो. पुढच्या रविवारी 'नवीन हिडन ट्रेल सापडला' म्हणून फोटो टाकतो. जुन्या वाटेचं सुतक एक दिवससुद्धा पाळत नाही.

माझं म्हणणं असं की ही 'हिडन ट्रेल' भाषाच मुळात खोटी आहे. ती वाट लपलेली नव्हती आणि तुम्हाला सापडलेलीही नाही. तिला नाव आहे, काम आहे आणि कागद आहे. बैलगाडी जायची ती गाडीवाट. दोन्हीकडे बांध किंवा कुंपण असलेली, शेतांमधून जाणारी चिंचोळी ती पाणंद. दोन गावांच्या शिवेवरून जातो तो शिवरस्ता. पायवाट सगळ्यांना ठाऊक आहे. आणि वहिवाट हा शब्द तर किती नेमका आहे बघा: वाट वापरात आहे, हाच तिचा आधार.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. माझे मामा पवन मावळात भात लावतात. मागे एकदा त्यांच्याकडे गेले असताना मी अशाच एका बंद झालेल्या वाटेबद्दल कुरकुरत होते आणि म्हणाले, "पण मामा, त्या माणसाच्या सातबाऱ्यावर जमीन त्याचीच असेल ना?" मामा हसले. म्हणाले, "पोरी, रस्ता सातबाऱ्यात शोधू नये. रस्ता नकाशात असतो."

मग मी नकाशे बघायला लागले, आणि माझी सुट्टी त्यात गेली. गावाचा जुना मोजणी नकाशा पाहिलात तर त्यात एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो आणि पायमार्ग एका तुटक रेषेने. त्यांच्या रुंद्यासुद्धा ठरलेल्या आहेत. गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्ग सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट! आपलं टायर दीड इंचाचं. आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचं कलम २० असं सांगतं की जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा दुसऱ्या कुणाच्या मालकीचे नाहीत, ते राज्य सरकारचे. म्हणजे तुमचे-माझे आणि गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या बाईचेही.

ती बाई मी मुद्दाम आणली, कारण ती खरीच आहे. मुळशी-मावळच्या हद्दीवर (गावाचं नाव घेत नाही, कारण तिथला अर्ज अजून निकाली निघायचा आहे) अशाच एका नव्या गेटापाशी मी वॉचमनशी वाद घालत होते. मागून एक मावशी आल्या, डोक्यावर गवत. गेट बघून त्या थांबल्यासुद्धा नाहीत, सरळ उजवीकडे वळून ओढ्याच्या कडेने चालायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, ही तुमची रोजची वाट ना? बोलत का नाही?" त्या न थांबता म्हणाल्या, "बोलून काय करू ताई? तुमी चाकावर फिरून जाल. माज्या डोक्यावर भारा हाय, उभं ऱ्हायलं तर मान जाती." त्यांचा फेरा दोन किलोमीटरने वाढला होता. आमच्या ग्रुपमध्ये दोन किलोमीटर वाढले की लोक खूश होतात, तेवढाच आकडा फुगतो.

म्हणून माझा राग गेटवाल्यापेक्षा आपल्यावर जास्त आहे. गेटवाल्याला हवं ते तो करतो. लावून बघतो, कुणी बोललं नाही तर राहू देतो. त्याचं सगळं गणित आपण वळून जाण्यावर उभं आहे.

आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी सायकलवाल्यांना कुणीच सांगत नाही. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, तो अडथळा दूर करायला लावू शकतो. कायदा जुना आहे, पण जिवंत आहे. फक्त अट अशी की अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायला हवा. सहा महिने! जूनमध्ये गेट लागलं, पावसात तिकडे कुणी फिरकलं नाही, दिवाळीनंतर 'सीझन' सुरू झाल्यावर आपण तिथे पोचलो, 'अरेरे' म्हणालो, वळलो, की मुदत संपत आलेलीच असते. (जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ वेगळं आहे. त्यात शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो.) दोन्हीकडे एक समान गोष्ट लक्षात घ्या: अर्ज करणारा जमीनवाला शेतकरी लागतो. तुम्हा-आम्हाला तिथे उभं राहता येत नाही. आपली वाट वाचवायची तर ती फक्त शेतकऱ्याच्या अर्जाने वाचणार आहे, आणि त्या शेतकऱ्याचं नाव आपल्यापैकी एकालाही माहीत नसतं. त्याच्या बांधावर केळ्याची सालं टाकण्यापुरतीच आपली ओळख.

पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी त्याच्याकडे नाही. पुरावा! आपण प्रत्येक फेरी मोबाईलवर किंवा हँडलवरच्या त्या डबीत नोंदवतो. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठून गेलो याचा माग त्यात बिंदूबिंदूने असतो. स्ट्राव्हावर चार वर्षांच्या फेऱ्या पडल्या आहेत, त्या कशासाठी? कुणाची चढण किती मिनिटांत झाली याची बढाई मारायला! अमुक तारखेपर्यंत ही वाट मोकळी होती आणि अमुक तारखेला इथे गेट होतं, हे फोटोसकट सांगू शकणारे लोक त्या गावात दुसरे कोण आहेत? केवळ तेवढ्यावर निकाल लागेल असं मी म्हणत नाही. पण स्थळपाहणीच्या वेळी अर्जदाराच्या बाजूला दहा-पंधरा माणसं तारखा घेऊन उभी असणं आणि तो बिचारा एकटा टोपी हातात घेऊन उभा असणं, यात काय फरक पडतो ते कुठल्याही कचेरीत गेलेल्या माणसाला विचारा.

आता यावर आमच्या ग्रुपमध्ये काय काय ऐकून घ्यावं लागलं तेही सांगते.

एक म्हणाला, "अगं, गावकऱ्यांनीच जमिनी विकल्या ना? मग आता का रडायचं?" विकल्या, खरं आहे. पण त्याने त्याचं शेत विकलं. शेजारच्या सहा जणांची वाट त्याच्या मालकीची नव्हती, मग ती त्याने विकली कशी? आणि घेणाऱ्याने घेतली कशी? फ्लॅट विकताना जिना कुणी विकतं का?

दुसरा म्हणाला, "गावकरी स्वतःच आडवं लाकूड टाकतात की." टाकतात. पवनेच्या काठावर रात्री बाटल्या फोडून, गाणी लावून, गाड्या पाण्यापर्यंत नेऊन लोकांनी जे केलं आहे ते बघता मीही टाकलं असतं. पण ते लाकूड बाहेरच्या गाडीला असतं. गवताची मावशी त्याच्या बाजूने जाते, सायकलही उचलून नेता येते. फार्महाऊसचं फाटक आणि ते लाकूड एका तागडीत तोलणं हा कांगावा आहे.

तिसऱ्याचा मुद्दा मात्र प्रामाणिक होता. तो म्हणाला, "समजा वाट मोकळी झाली. मग शेतकरी तिथे रस्ता मागेल, रोलर फिरेल, उद्या डांबर पडेल. आपली शांत वाट गेलीच की." यावर मी बराच विचार केला. उत्तर असं: हो, जाईल कदाचित. जाऊ दे. २०२१ पासून राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे. २०२५ च्या मे महिन्यात महसूल विभागाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी असंही सांगितलं. शेतकऱ्याला चिखलातून ट्रॅक्टर काढायचा आहे, बाळंतीण न्यायची आहे, दूध वेळेत पोचवायचं आहे. त्याच्या गैरसोयीवर आपली शांतता उभी असेल तर ती शांतता आपल्याला मागता येत नाही. आणि गड्यांनो, मुरूम टाकून दाबलेली पाणंद म्हणजे तुमच्या त्या महागड्या टायरसाठी जगातला सर्वोत्तम पृष्ठभाग आहे! कॅन्ससला जाऊन लोक दुसरं काय शोधतात?

सायकलवाल्यांनी दुसऱ्यांच्या रस्त्यासाठी भांडणं यात नवीन काही नाही. इंग्लंडमध्ये १८८६ साली चांगल्या रस्त्यांसाठी जी संस्था निघाली ती सायकलवाल्यांनीच काढली. मोटारी यायच्या आधी. (पुढे त्या चांगल्या रस्त्यांवरून मोटारवाल्यांनी त्यांनाच हुसकावलं, तो वेगळा विनोद.) तिथेच १९३२ च्या २४ एप्रिलला मँचेस्टरकडच्या गिरणी-कारखान्यातल्या पोरांनी किंडर स्काऊट नावाच्या, जमीनदारांनी शिकारीसाठी बंद ठेवलेल्या डोंगरावर घोळक्याने चढाई केली. काही जण त्यासाठी तुरुंगात गेले. मोकळ्या डोंगराळ जमिनीवर चालण्याचा हक्क कायद्याने मिळायला २००० साल उजाडलं. दरम्यान १९६८ च्या कायद्याने सायकलींना घोड्यांच्या वाटांवर जायची मुभा मिळाली, पण पायी माणसाला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची या अटीवर. मला ही अट फार आवडते. आणि अलीकडचं सांगायचं तर २०२० मध्ये तिथल्या रॅम्बलर्स या चालणाऱ्यांच्या संस्थेच्या हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून जुने नकाशे आजच्या नकाशांशी ताडून पाहिले आणि नोंदीतून गळलेल्या सुमारे ४९,००० मैल वाटा शोधून काढल्या. चालायला जाणारी साधी माणसं होती ती, वकील नव्हती.

आपल्याला हे लांबचं वाटत असेल तर ताथवड्यातच बघा. ताथवडे २००९ मध्ये महापालिकेत आलं. त्याआधी शेतांमधून वाकडकडे, पुनावळ्याकडे, मारुंजीकडे जाणाऱ्या वाटा जुन्या माणसांना पाठ होत्या. आज त्या कुठे आहेत? सोसायट्यांच्या भिंतींच्या आत. शेजारशेजारच्या दोन इमारतींतली मुलं एकमेकांकडे खेळायला जायची तर हायवेच्या सर्व्हिस रोडवरून वळसा घालतात, नाहीतर गाडीतून सोडावी लागतात. वाटा गेल्या तेव्हा कुणी ओरडलं नाही, कारण जो तो आपापल्या गेटाच्या आत खूश होता. मग आपल्याला सायकल चालवायला जागा उरली नाही, म्हणून आपण कारच्या टपावर सायकल बांधून तीस-चाळीस किलोमीटरवर पवनेला निघालो. आता तिथेही तेच होतंय आणि तिथेही आपण वळतोय. पुढे कुठे जाणार? कोकणात?

अजून एक गोष्ट, आणि ही मी ग्रुपमध्ये बोलले तेव्हा शांतता पसरली. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं ते पवनेचं पाणी. त्या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यातल्या शेकडो खातेदारांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतक रेंगाळला. ९ ऑगस्ट २०११ ला याच पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात मावळचे तीन शेतकरी गेले. शेजारच्या मुळशीत तर टाटांच्या धरणाविरुद्धचा सत्याग्रह १९२१ चा, सेनापती बापटांचा. तुम्ही ज्या 'लेक व्ह्यू'चे फोटो टाकता त्या पाण्याखाली वाटाच वाटा आहेत. उरलेल्या काठावरच्या वाटाही जात असताना त्या खोऱ्याचं पाणी पिणाऱ्या शहरातले आपण हेल्मेट घालून तिथून 'अरेरे' म्हणत परत फिरायचं?

आणि आपलं कोण ऐकतंय, असं म्हणू नका. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, परदेशी संघ आले, एक टप्पा मुळशी-मावळातून गेला. त्यासाठी जिल्हा प्रशासनाने रस्ते नव्याने करून घेतले. वर्षानुवर्षं खड्ड्यात असलेले रस्ते काही महिन्यांत गुळगुळीत झाले ते आपण डोळ्यांनी पाहिलं. सायकलसाठी सरकार हलतं, हे त्यातून दिसलं. मग पाणंदीसाठी एकदा हलवून बघू.

मला काही मोर्चा-बिर्चा काढायचा नाही. आपापल्या नेहमीच्या रूटवरचं प्रत्येक नवं गेट तारखेसकट टिपा. गेटाच्या अलीकडच्या शेतात जो कुणी असेल त्याच्याशी बोला, त्याचं नाव विचारा, तुमचंही सांगा. तो अर्ज करणार असेल तर फेऱ्यांच्या नोंदी छापून त्याच्या हातात द्या. तो करणार नसेल तर त्याची कारणं ऐका. त्याला त्या गावात राहायचं आहे, आपल्याला नाही. आणि त्या गावाचा जुना नकाशा काढून बघा. मावळचं भूमी अभिलेख कार्यालय वडगावला, मुळशीचं पौडला. शनिवारी-रविवारी बंद असतात, तेव्हा एक रजा टाकावी लागेल. राइडसाठी टाकतोच की.

मी येत्या मंगळवारी पौडला चालले आहे, माण-घोटावडे मार्गे, सायकलनेच. त्या मावशींच्या वाटेचा नकाशा मिळतो का बघायचं आहे, कारण त्यांच्या दिराने अखेर अर्ज केला आहे आणि गेट लागून चार महिने झालेत. सकाळी सातला हिंजवडीच्या शिवाजी चौकात थांबेन. कुणाला यायचं असेल त्याने आधारकार्डाची झेरॉक्स आणि डबा घेऊन यावं. मामा, तुम्ही वाचत असाल तर दुपारी फोन चालू ठेवा, तुटक रेषा मोजताना लागेल.